तुमचे प्रश्न: गाजलेल्या रेस्टॉरंटमध्ये जेवायला जाताना

या वेळी बाहेर जेवायला जाण्याबद्दलची पत्रं इतकी आली की बाकीचे विषय पुढच्या अंकासाठी ठेवावे लागले. त्यातली बहुतेक एकाच प्रकारच्या जागेबद्दल आहेत, म्हणजे ज्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, टेबल मिळता मिळत नाही, फोटो जिथे तिथे दिसतात, आणि जाऊन आल्यावर मात्र मनात काहीतरी खटकत राहतं अशी. सारखे प्रश्न एकत्र केलेत, काही पत्रं थोडी लहान केलीत.

प्रश्न: नमस्कार ताई. आमच्या शहरात एक नवीन रेस्टॉरंट उघडलंय, रील्समध्ये तेच, ऑफिसमध्ये तेच. खूप दिवस वाट बघून टेबल मिळालं म्हणून लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही दोघं तिथे गेलो. जेवण वाईट होतं असं नाही म्हणणार, पण त्यात एवढं काय आहे हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. घरी येताना तसं बोलले तर नवरा म्हणाला, तुला त्यातलं कळत नाही, एवढ्या लोकांनी पाच स्टार दिलेत ते काय उगाच? तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय, मला खरंच चव कळत नाही का?

उत्तर: तुम्हाला चव कळते. तुम्हाला बरं वाटावं म्हणून हे लिहीत नाहीये, कारण समजावून सांगते.

2008 साली अमेरिकेतल्या कॅल्टेक या विद्यापीठाच्या संशोधकांनी एक प्रयोग केला होता. लोकांना एकच वाइन दोनदा दिली, एकदा स्वस्त म्हणून सांगून आणि एकदा महाग म्हणून सांगून, आणि महाग म्हणून दिलेली लोकांना जास्त आवडली. ते नुसतं तोंडदेखलं म्हणत होते असंही नाही, कारण त्याच वेळी मेंदूचं स्कॅनिंग चालू होतं आणि सुखद अनुभवाशी जोडलेला मेंदूचा भागसुद्धा महागड्या वाइनच्या वेळी जास्त सक्रिय झालेला दिसला. म्हणजे नाव, किंमत, बाहेरची गर्दी हे सगळं आपल्या चवीत मिसळतं. ज्यांनी पाच स्टार दिले त्यातल्या पुष्कळांना ते जेवण खरंच तेवढं आवडलं असणार. पण हेच उलटंही होतं. अपेक्षा आणि ताटातलं यात थोडं अंतर असेल तर मन ते सांभाळून घेतं, अंतर फारच पडलं की मग तेच मन जास्त खट्टू होतं, आणि एखाद्या साध्या जागी ज्या पदार्थाला तुम्ही छान म्हणाला असतात तोच इथे नुसता ठीक वाटतो. तुम्ही कित्येक आठवडे ऐकत होतात, बघत होतात, वर वाढदिवस, एवढं ओझं कुठल्या जेवणाला पेलवणार?

आता स्टारचं. नवरोबांना सांगा की 2017 मध्ये लंडनमध्ये ऊबा बटलर नावाच्या पत्रकारानं आपल्या बागेतल्या शेडलाच रेस्टॉरंट म्हणून ट्रिपअ‍ॅडव्हायझर या रिव्ह्यूंच्या साइटवर टाकलं होतं. ना किचन ना जेवण, फक्त ओळखीच्या लोकांनी लिहिलेले खोटे रिव्ह्यू, आणि फोन केला की टेबल नाही हे उत्तर. काही महिन्यांत ते शहरातलं एक नंबरचं रेस्टॉरंट म्हणून दिसायला लागलं आणि लोक टेबलासाठी फोनवर फोन करत राहिले. टेबल मिळत नाही एवढ्यावरच माणसांची ओढ वाढली, मला त्या सगळ्या प्रकरणातली हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. सगळेच रिव्ह्यू खोटे असतात असं अजिबात नाही, पण बॉस्टनमधल्या रेस्टॉरंटांच्या येल्प या अशाच साइटवरच्या रिव्ह्यूंचा अभ्यास झाला तेव्हा साइटच्या फिल्टरनं साधारण 16 टक्के रिव्ह्यू संशयास्पद म्हणून बाजूला काढलेले होते, हे प्रमाण काही थोडं नाही. शिवाय लिहितं कोण तर जो फार खूश झाला तो किंवा जो फार चिडला तो. तुम्ही लिहिला का रिव्ह्यू? बहुतेक नसेलच, कारण 'ठीक होतं' एवढं लिहायला कोणी फोन हातात घेत नाही, त्यामुळे तुमच्यासारखं वाटलेली माणसं त्या आकड्यात दिसतच नाहीत.

अजून एक, लोकांच्या स्टारमध्ये सगळंच येतं, दिवे, संगीत, फोटो कसे येतात, वेटर किती गोड बोलला. मिशेलिन गाइडचे तज्ज्ञांचे स्टार वेगळे. टायर बनवणाऱ्या कंपनीनं 1900 साली काढलेलं ते गाइड, स्टार द्यायला लागले 1926 पासून, आणि तो स्टार फक्त जेवणाला असतो, सजावटीला नाही. त्यांचे निरीक्षक नाव न सांगता जातात, बिल स्वतः भरतात, आणि प्रत्येक वेळी जेवण तेवढंच चांगलं मिळतं का हाही त्यांचा एक निकष असतो. न्यूयॉर्क टाइम्सच्या समीक्षकांचीसुद्धा एकाच रेस्टॉरंटला निदान तीनदा जाऊन मग लिहायची पद्धत आहे. ज्यांचं आयुष्य यात गेलंय ती माणसं एका भेटीवर मत बनवत नाहीत, मग तुम्ही एका संध्याकाळवरून स्वतःच्या जिभेवर शंका का घ्यायची, आणि खरं तर त्या रेस्टॉरंटवरही एवढ्यात फुली मारू नये. नवीन किचनला लय सापडायला वेळ लागतो, माणसं नवी असतात, मेनू बदलत असतो, आणि त्यातच गर्दी सगळी त्या पहिल्या महिन्यांतच येऊन आदळते.

पुढच्या वेळी एवढं करा. रिव्ह्यू वाचताना पाच आणि एक स्टारवाले सोडून तीनवाले आधी वाचा, तिथे माणसं नीट सांगतात की काय आवडलं आणि काय नाही, आणि एकच तक्रार वेगवेगळ्या महिन्यांत परत परत दिसली तर ती खरी धरा. मी तर म्हणेन वाढदिवसाला तुमच्या दोघांच्या आवडीच्या, माहितीतल्या जागी जा आणि गाजलेल्या ठिकाणी एखाद्या साध्या मंगळवारी जा, जेव्हा त्या जेवणाकडून तुम्हाला फक्त जेवणच हवं असेल. आणि नवऱ्याशी एकदा शांतपणे बोला, कारण जेवण आवडलं नाही यापेक्षा 'तुला कळत नाही' हे जास्त लागलंय तुम्हाला, पत्रातून ते स्पष्ट दिसतंय. त्याला आवडलं हे खरं आणि तुम्हाला नाही आवडलं हेही तेवढंच खरं.

प्रश्न: माझे बाबा 70 च्या पुढचे आहेत, कानाला मशीन आहे. मुलीच्या निकालाचं सेलिब्रेशन म्हणून सगळे एका हाय-फाय जागी गेलो. आवाज इतका की बाबा पूर्ण वेळ नुसते हसून मान हलवत बसले, कुणाशी एक शब्द बोलले नाहीत. आता म्हणतात तुम्ही जा, मी घरीच बरा. त्यांना सोडून जायला मन होत नाही. काय करू?

उत्तर: त्यांना सोडून जाऊ नका, जागा आणि वेळ बदला.

आधी हे समजून घ्या की तिथे तरुण कानांनाही ऐकू येत नव्हतं. साधं बोलणं साधारण 60 डेसिबलचं असतं, गजबजलेल्या रेस्टॉरंटमध्ये 80 च्या वर सहज जातं, आणि डेसिबलचा हिशोब असा की 10 वाढले की कानाला आवाज जवळजवळ दुप्पट वाटतो. आजकाल गाजणाऱ्या बऱ्याच जागांची रचनाच तशी असते, उंच छत, काँक्रीटचा किंवा फरशीचा तळ, काचा, उघडं किचन, पडदे नाहीत गालिचे नाहीत टेबलावर कापड नाही, म्हणजे आवाज शोषून घेईल असं काहीच नाही, सगळा परत येऊन डोक्यावर आदळतो. त्यात आपण माणसं आजूबाजूला आवाज असला की नकळत वरच्या पट्टीत बोलायला लागतो, एतिएन लोंबार या फ्रेंच डॉक्टरनं शंभरेक वर्षांपूर्वी हे दाखवून दिलं आणि त्याला त्यांचंच नाव पडलं, लोंबार इफेक्ट. एक टेबल मोठ्यानं बोललं की शेजारचं त्याहून मोठ्यानं, मग मॅनेजर संगीत वाढवतो, आणि रात्री नऊला तिथे ओरडल्याशिवाय बोलताच येत नाही. कानाचं मशीन चांगलं असलं तरी एवढ्या गोंधळातून एक आवाज वेगळा काढणं त्यालाही जड जातं.

नुकसान फक्त बोलण्याचं होतं असंही नाही. लोकांना हेडफोनवर मोठा आवाज ऐकवत खायला देऊन संशोधकांनी तपासलंय, आवाजात गोड आणि खारट दोन्ही कमी लागतं. म्हणजे बाबांना तिथलं जेवण अळणी वाटलं असेल तर त्यात त्यांच्या वयाचा दोष काढू नका.

तर, पहिल्या स्लॉटचं टेबल घ्या, रेस्टॉरंट उघडतं तेव्हाचं, त्या पहिल्या तासाभरात तीच जागा ओळखू येणार नाही इतकी वेगळी असते. बुक करताना फोनवरच सांगा की सोबत कमी ऐकू येणारं माणूस आहे, कोपऱ्यातलं टेबल द्या, स्पीकर, बार आणि किचनपासून लांब. हे सांगायला अजिबात लाजू नका, चांगली जागा असेल तर आनंदानं करते, आणि फोनवर जर कुरकुर ऐकू आली तर ती जागा तुमच्या बाबांसाठी नाही हे तिथेच कळलं. गोल किंवा लहान टेबल मागा, लांबलचक नको. जो बोलतोय त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडेल असं बसा, कमी ऐकू येणारी माणसं ओठ आणि चेहरा वाचत असतात, आणि मंद दिव्यांनी तोही आधार जातो. बऱ्याच मशीनमध्ये गोंगाटासाठी वेगळी सेटिंग असते, कानाच्या डॉक्टरांकडे किंवा ऑडिओलॉजिस्टकडे जाल तेव्हा ती चालू करून घ्या. आणि आठ-दहा जण एकदम नेण्याऐवजी आधी तुम्ही, मुलगी आणि बाबा तिघंच जा, आजोबांना नातीशी बोलता आलं की ते पुढच्या वेळी स्वतःहून निघतील.

प्रश्न: टेबलावर बसल्या बसल्या आम्हाला सांगण्यात आलं की दीड तासात टेबल सोडावं लागेल. एवढे पैसे देऊन असं हाकलून दिल्यासारखं वाटतं. हे बरोबर आहे का?

उत्तर: वेळ ठरवून देणं बरोबर, बसल्यावर सांगणं चूक. ते बुकिंगच्या वेळीच सांगायला हवं होतं आणि तुम्ही मॅनेजरला हे जरूर सांगा.

ते असं का करतात तर साधारणपणे बिलाचा एक तृतीयांशाच्या आसपास भाग कच्च्या मालात जातो, तेवढाच पगारात, मग भाडं, वीज, मोडतोड, आणि शेवटी उरतं ते शेकड्यात बोटावर मोजण्याइतकं. एका संध्याकाळी एका टेबलावर एकदाच लोक बसले तर त्या जागेचं भाडं निघत नाही, दोनदा बसले तर निघतं. त्यात लोक बुक करून येतच नाहीत, फोन करून कळवतसुद्धा नाहीत, आणि एवढ्याशा नफ्यात दोन रिकामी टेबलंसुद्धा जाणवतात. शिकागोमध्ये 2011 साली 'नेक्स्ट' नावाचं रेस्टॉरंट उघडलं त्यांनी सरळ नाटकासारखी तिकिटंच विकली, पैसे आधी. आता अनामत रक्कम मागणारी रेस्टॉरंटं वाढलीत ती याच कारणानं, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. तुम्हाला जायला जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळवा, एवढं आपल्याकडून व्हायलाच हवं.

निवांत बसायचं असेल तर रात्रीचं शेवटचं बुकिंग घ्या, तुमच्या मागे त्या टेबलासाठी कोणी थांबलेलं नसतं. फक्त किचन किती वाजता बंद होतं ते विचारून घ्या.

प्रश्न: कॉलेजपासूनचा आमचा सात जणांचा ग्रुप आहे. नवीन कुठलंही रेस्टॉरंट गाजलं की जायचं ठरतं आणि बिल सारखं वाटून. मी पीत नाही, खाणंही कमी आहे, पगारही बाकीच्यांपेक्षा कमी. दर वेळी माझ्या खाण्याच्या दुप्पट पैसे जातात. बोलले तर चिक्कू म्हणतील, नाही बोलले तर महिना कोलमडतो.

उत्तर: बोला. आणि यात तुम्ही एकट्या आहात असं समजू नका. इस्रायलमध्ये संशोधकांनी एका रेस्टॉरंटमध्ये हेच करून पाहिलं, सहा सहा जणांची टेबलं, काहींना सांगितलं ज्याचं त्यानं भरा, काहींना सांगितलं सारखं वाटा. 2004 मध्ये ते प्रसिद्ध झालं. वाटून भरणाऱ्यांनी जास्त मागवलं आणि जास्त खर्च केला. पण विचारल्यावर बहुतेकांनी सांगितलं की आम्हाला आपापलं भरायलाच आवडलं असतं. म्हणजे तुमच्या ग्रुपमध्येही मनातून नको म्हणणारे अजून एक-दोघं तरी असण्याची शक्यता आहे, फक्त पहिलं कोण बोलणार म्हणून सगळे गप्प.

बिल आल्यावर बोलू नका, तेव्हा ते भांडणासारखं वाटतं. जायचं ठरत असतानाच ग्रुपवर लिहा, 'मी येतेय, माझं बिल मी वेगळं देईन, या महिन्यात बजेट टाइट आहे.' एवढंच, माफी नको, स्पष्टीकरण नको. तिथे गेल्यावर ऑर्डर द्यायच्या आधीच वेटरला सांगा, नंतर वेगळं करायला त्यांनाही त्रास होतो. ड्रिंक्स वेगळी आणि जेवण सारखं वाटून हाही मधला मार्ग चालतो, पुष्कळ ग्रुपमध्ये तेवढ्यानंच प्रश्न सुटतो. बिलात सर्व्हिस चार्ज आधीच लावलाय का तेही बघा, नाहीतर टिप म्हणून सगळे वरून पुन्हा गोळा करतात. आणि इतक्या वर्षांची मैत्री असेल तर खरं कारणही सांगून टाका, की तुमच्याबरोबर यायला आवडतं पण दर वेळी एवढं परवडत नाही. ज्यांना तुमची किंमत आहे ते पुढच्या वेळी जागाच वेगळी निवडतील.

प्रश्न: माझ्या मुलाला सुक्यामेव्याची अ‍ॅलर्जी आहे. टेस्टिंग मेनू, म्हणजे शेफनं ठरवलेले बरेच छोटे पदार्थ एकामागून एक येतात, अशा ठिकाणी नेऊ का?

उत्तर: आधी फोन करा, त्या दिवशी जाऊन सांगू नका. टेस्टिंग मेनूची तयारी आदल्या दिवसापासून चालू असते, सॉस, पेस्ट, डेझर्ट सगळं आधी बनलेलं असतं, ऐन वेळी त्यातून एक गोष्ट वगळता येत नाही. सांगताना 'त्याला आवडत नाही' किंवा 'चालत नाही' असं मोघम बोलू नका, अ‍ॅलर्जी आहे, खाल्लं तर काय होतं, आणि त्याच भांड्यात किंवा त्याच तेलात केलेलंही चालणार नाही, हे तिन्ही सांगा. बसल्यावर वेटरला पुन्हा एकदा, आणि प्रत्येक प्लेट आल्यावर पुन्हा विचारा. डॉक्टरांनी दिलेलं औषध खिशात हवंच. समोरून उत्तर गोलमोल आलं तर जाऊ नका, ते रेस्टॉरंट कितीही गाजलेलं असलं तरी नको.

प्रश्न: एका प्रसिद्ध ठिकाणी मेन कोर्स गार आला. वेटरनं 'सगळं ठीक ना?' विचारलं तेव्हा मी हो म्हणालो, आणि घरी येऊन एक स्टारचा रिव्ह्यू टाकला. बायको म्हणते तू चुकलास. मी पैसे दिलेत, खरं लिहिलं, यात काय चुकलं?

उत्तर: लिहिलंत ते खरं आहे, आणि ते लिहायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. तरी वहिनींचं म्हणणं मला पटतं.

गार जेवण ही जागेवर दुरुस्त होणारी गोष्ट आहे. वेटरला एक वाक्य, 'हे गार झालंय, गरम करून द्याल का', आणि पाच-दहा मिनिटांत दुसरी प्लेट आली असती, तुमची संध्याकाळ वाचली असती. किचनमध्ये उभ्या असलेल्या माणसाला तुमच्या टेबलावर काय झालं हे कळायचा तेवढा एकच मार्ग आहे. पास म्हणजे जिथे तयार प्लेट ठेवली जाते तिथे ती दोन मिनिटं जास्त पडून राहिली, एवढंही कारण असू शकतं, आणि तुम्ही सांगितलं असतं तर तुमच्यानंतरच्या चार टेबलांचंही जेवण गरम गेलं असतं. सांगितल्यावर त्यांनी तोंड वाकडं केलं असतं, किंवा परतही गारच आणलं असतं, तर मात्र बेलाशक लिहा, मी स्वतः तो रिव्ह्यू वाचून तिथे जाणार नाही. अडचण सांगितल्यावर ती माणसं कशी वागतात हे वाचणाऱ्याला सगळ्यात जास्त उपयोगाचं असतं.

हार्वर्डच्या मायकेल लुका यांनी सिअ‍ॅटलमधल्या रेस्टॉरंटांचा अभ्यास करून 2011 मध्ये मांडलं होतं की येल्पवर एक स्टार वाढला की उत्पन्न 5 ते 9 टक्क्यांनी वाढतं, आणि हा परिणाम मोठ्या साखळी रेस्टॉरंटांवर दिसत नाही, एकट्या, स्वतंत्र रेस्टॉरंटांवर दिसतो. नफा आधीच शेकड्यात चार-पाच असेल तर 5 टक्के म्हणजे काय हे तुम्हीच बघा. म्हणून माझा आग्रह आहे की एक स्टार देण्याआधी थोडं थांबून विचार करावा.

पण तुम्ही तेव्हा गप्प का बसलात हेही मला समजतं. मोठ्या नावाच्या जागी आपण अवघडतो, आपल्यालाच रीत माहीत नाही असं वाटतं. रूथ रायकल न्यूयॉर्क टाइम्सच्या समीक्षक होत्या तेव्हा 1993 मध्ये त्यांनी 'ल सर्क' या अतिशय नावाजलेल्या रेस्टॉरंटबद्दल लिहिलं. वेषांतर करून अनोळखी बाई म्हणून गेल्या तेव्हा कसं वागवलं आणि ओळखल्यावर कसं वागवलं हे दोन्ही त्यांनी शेजारी शेजारी मांडलं आणि चारपैकी एक स्टार कमी केला. ज्या टेबलावर अनोळखी माणूस बसलाय त्या टेबलाची काळजी घेणं हेच त्या धंद्याचं काम आहे, त्यामुळे तक्रार सांगताना तुम्ही कोणाकडे उपकार मागत नाही.

रिव्ह्यू अजून बदलता येईल. काय मागवलं होतं, कधी गेला होतात, काय गार होतं, बाकी काय चांगलं होतं आणि तिथे तुम्ही सांगितलं नव्हतं, हे सगळं लिहा आणि मग किती स्टार द्यायचे ते पुन्हा ठरवा. सोबत रेस्टॉरंटला थेट एक मेसेजही टाका. उत्तर आलं तर मला कळवा.